दहावीचे वर्ष आणि घर : कोल्हापूर परिसरातील पालकांच्या भूमिकेविषयी काही विचार

प्रस्तावना

माध्यमिक शालान्त प्रमाणपत्र परीक्षा, म्हणजे बोलीतील 'दहावी', ही महाराष्ट्रातील बहुसंख्य कुटुंबांत केवळ विद्यार्थ्याची परीक्षा राहिलेली नाही. मुलगा अथवा मुलगी दहावीत गेली की घराचे वेळापत्रक बदलते. दूरदर्शन संच बंद होतो, आईचे माहेरी जाणे लांबणीवर पडते आणि 'यंदा दहावी आहे' एवढे सांगितले की नातेवाइकांतील लग्नाला न गेल्याबद्दल कोणी रागावत नाही. पालकांच्या या त्यागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि या त्यागातून विद्यार्थ्याला नेमके काय मिळते, त्यातील किती भाग आधार असतो आणि किती भाग पाळत असते, याचा विचार क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात हा विचार कोल्हापूर परिसराच्या संदर्भात करावयाचा आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांचा या विषयाशी दुहेरी संबंध येतो. त्यांपैकी अनेक जण स्वतः दहावीतील मुलांचे पालक असतात. दुसरे असे की दहावीच्या वर्षात घडलेला अथवा बिघडलेला विद्यार्थीच पुढे अकरावीच्या वर्गात त्यांच्यासमोर येऊन बसतो. नव्वद टक्के गुण घेऊन आलेला विद्यार्थी पहिल्याच घटक चाचणीत का कोसळतो, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा अकरावीच्या अभ्यासक्रमात सापडत नाही. ते त्याच्या दहावीच्या वर्षातील घरात असते.

परीक्षेचे साधन आणि त्याविषयीचे अज्ञान

कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या कोल्हापूर विभागीय मंडळाच्या कक्षेत येतात. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेल्या परीक्षेत राज्याचा निकाल ९४.१० टक्के, तर कोल्हापूर विभागाचा ९६.८७ टक्के लागला. कोकण विभागाच्या खालोखाल कोल्हापूर दुसऱ्या स्थानी होते. आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, कोल्हापूर विभागाचा निकाल ९७.४५ टक्के होता. शंभरातील जवळजवळ सत्त्याण्णव मुले ज्या परीक्षेत उत्तीर्ण होतात, त्या परीक्षेची भीती घराघरांत कमी व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात ती वाढलेली दिसते.

याचे कारण उघड आहे. पूर्वीची भीती नापास होण्याची होती आणि तिला पस्तीस गुणांची निश्चित सीमा होती. ती ओलांडली की भीती संपत असे. आजची भीती टक्क्यांची आहे आणि टक्क्यांना वरची सीमा नाही. २०१० पासून सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण टक्केवारीसाठी धरले जातात. कला व क्रीडा प्रकारांतील सवलतीचे गुणही मिळतात. २०२५ मध्ये राज्यात २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. असा निकाल पाहिल्यानंतर ८४ टक्के मिळवणाऱ्या मुलाच्या घरात समाधानाऐवजी शांतता पसरते, हा आजच्या काळाचा विपर्यास होय.

ही टक्केवारी कशाने बनते, याचे एक बोलके उदाहरण अलीकडच्या इतिहासात आहे. मार्च २०१८ च्या परीक्षेचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. मार्च २०१९ मध्ये तो एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. कोल्हापूर विभागाचा निकालही ८६.५८ टक्क्यांपर्यंत खाली गेला. त्या एका वर्षात मुलांची बुद्धी कमी झाली नव्हती, शिक्षक बदलले नव्हते, पालकांची काळजीही घटली नव्हती. नवा अभ्यासक्रम आला होता, कृतिपत्रिकेचे स्वरूप बदलले होते आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील वीस गुणांचे अंतर्गत मूल्यमापन काढून टाकण्यात आले होते. पुढे हे अंतर्गत गुण पुन्हा सुरू करण्यात आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. सलग तीन वर्षांचे हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले, तर टक्केवारी ही विद्यार्थ्याची जितकी, तितकीच मोजमापाच्या साधनाचीही असते, हे ध्यानात येते. एका वर्षीच्या मुलाची दुसऱ्या वर्षीच्या ताईशी किंवा चुलतभावाशी तुलना करणाऱ्या घरांना हे कोणीतरी समजावून सांगावयास हवे, आणि ते सांगण्यास अध्यापकाइतका योग्य माणूस नातेवाइकांत दुसरा नसतो.

साधनाविषयीचे अज्ञान अन्य मार्गांनीही त्रास देते. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात; परंतु त्यासाठी अधिकृत प्रमाणपत्र लागते आणि प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. मुलगा वाचतो चांगले, तोंडी उत्तरे देतो, पण लिहिताना अक्षरे उलटसुलट करतो, हे घरात अनेक वर्षे दिसत असते. त्याला 'आळस' हे नाव दिलेले असते. सराव परीक्षेच्या निकालानंतर, म्हणजे जानेवारीत, पालक चौकशी करू लागतात. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. नववीच्या सुट्टीत हे काम झाले, तर ते वर्षभराच्या शिकवणीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

कोल्हापूरचे पंचांग

पालकांसाठी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके वर्ष सर्वत्र सारखेच असते असे गृहीत धरतात. कोल्हापूर जिल्ह्यातील दहावीचे वर्ष मात्र पाऊस, ऊस आणि घरगुती उद्योग यांनी आखलेले असते.

पहिली अडचण पुराची. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात करवीर, हातकणंगले व शिरोळ तालुक्यांतील अनेक गावे पाण्याखाली गेली. शाळांचे वर्ग पूरग्रस्तांच्या निवाऱ्यासाठी वापरले गेले, वह्या-पुस्तके भिजली. त्याच वर्षीच्या दहावीच्या तुकडीचा भूगोलाचा अखेरचा पेपर मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे प्रथम पुढे ढकलला गेला व नंतर रद्द झाला. २०२१ मध्ये तर लेखी परीक्षाच झाली नाही आणि अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के निकाल लागला. त्यानंतरच्या तुकडीची स्थिती सर्वांत बिकट होती. या मुलांचे नववीचे वर्ष मोबाईलच्या पडद्यावर गेले. दहावीच्या आरंभी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा पूर आला. दिवाळीच्या सुमारास राज्य परिवहन कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्यामुळे १५ मार्च ते ४ एप्रिल या काळात परीक्षा झाली, तेव्हा गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगड अशा डोंगराळ तालुक्यांत नेहमीसारखी एस.टी. नव्हती. मंडळाने अभ्यासक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी केला, वेळ वाढवून दिला आणि शाळा तेथे केंद्र दिले. हा निर्णय योग्यच होता. पण वाडीवरून शाळेपर्यंत मुलीला रोज दुचाकीवर पोहोचवणारा बाप, ही त्या वर्षीची खरी शैक्षणिक व्यवस्था होती. त्याची नोंद कोठेही नाही.

दुसरी गोष्ट उसाची. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः दिवाळीच्या आसपास सुरू होतो व फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. दहावीच्या उजळणीचा काळ नेमका हाच. तोड आली की घरातील सारी माणसे शेतात असतात. ज्या घरात गोकुळ दूध संघाला दूध घातले जाते, तेथे सकाळ-संध्याकाळची धार चुकत नाही. हुपरीत चांदीचे काम घरातच चालते. इचलकरंजीत यंत्रमागाचा आवाज भिंतीपलीकडे थांबत नाही. अशा घरांतील मुलांना 'अभ्यासासाठी स्वतंत्र, शांत खोली द्या' हा सल्ला देणे म्हणजे त्यांच्या घराकडे न पाहणे होय. येथे आधार देणे म्हणजे कामांची वाटणी बदलणे. डिसेंबर ते मार्च हे चार महिने संध्याकाळची धार धाकट्या भावाकडे अथवा काकांकडे देता येईल काय, हा प्रश्न कोणत्याही अभ्यास-तंत्रापेक्षा महत्त्वाचा ठरतो. मुलींच्या बाबतीत तो अधिकच तीव्र आहे. २०२५ मध्ये राज्यातील मुलींचा निकाल ९६.१४ टक्के, तर मुलांचा ९२.३१ टक्के होता. मुली पुढे आहेत, म्हणून त्यांना घराचा आधार पुरेसा मिळतो असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पुष्कळ घरांत दहावीतील मुलाला ताट हातात मिळते आणि दहावीतील मुलगी स्वयंपाक उरकून पुस्तक उघडते. हा फरक शिकलेल्या घरांतही दिसतो, हे नमूद केले पाहिजे.

शहरातील पेठांत वेगळे चित्र असते. तेथे फुटबॉलचा हंगाम हिवाळ्यापासून रंगू लागतो आणि तालीम मंडळांचे सामने छत्रपती शाहू स्टेडियमवर भरतात. पोराने वर्षभर मैदानाचे तोंड पाहावयाचे नाही, असा फतवा अनेक घरांत निघतो. तो बहुधा मोडला जातो, आणि मोडल्यावर घरात खोटे बोलण्याची सवय लागते. आठवड्यातील एक सामना ठरवून दिला, तर उरलेले सहा दिवस निदान प्रामाणिक राहतात.

अभ्यासाची जागा देणे, याला कोल्हापुरात मोठी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढील काळात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्यात आले. या वसतिगृहांनी विद्यार्थ्यांना निवारा, जेवण आणि बरोबरीने शिकणाऱ्यांची सोबत दिली. विद्यार्थ्यांच्या वतीने अभ्यास करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले नाही. घराने काय द्यावे याचे याहून स्वच्छ उत्तर सापडणे कठीण आहे.

याच विभागातील सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हाच विचार सामुदायिक पातळीवर केला. टाळेबंदीच्या काळात मुलांना मोबाईलची सवय लागली होती. ग्रामपंचायतीने दररोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास घराघरांतील दूरदर्शन संच व मोबाईल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. या उपक्रमाची खरी शक्ती भोंग्यात नाही. वडील मालिका पाहत असताना मुलाला आत जाऊन वाचण्यास सांगितले जाते, तेव्हा अभ्यास ही शिक्षा बनते. सारे घर एकाच वेळी थांबते, तेव्हा ती त्या वेळेची रीत होते. प्रत्येक गावात भोंगा वाजणार नाही, पण एका घरात ही रीत पाळण्यास ग्रामसभेच्या ठरावाची आवश्यकता नसते.

अभ्यास कोणाचा?

पालकांचा सर्वसाधारण समज असा की जितके अधिक लक्ष, तितका अधिक अभ्यास. वेळापत्रक वडिलांनी लिहावे, ते भिंतीवर लावावे आणि आईने तासातासाला डोकावून पाहावे, अशी पद्धत शिकलेल्या घरांत विशेष आढळते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांनी मांडलेल्या स्वयंनिर्धारणाच्या सिद्धान्तानुसार, स्वतःच्या कृतीची सूत्रे स्वतःकडे आहेत ही जाणीव ही माणसाची मूलभूत मानसिक गरज आहे. वेंडी ग्रोल्निक व रायन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जे पालक मुलांच्या स्वायत्ततेला वाव देत, त्यांची मुले शाळेत अधिक स्वयंप्रेरित व अधिक सक्षम असल्याचे दिसून आले. तो अभ्यास प्राथमिक वर्गांतील अमेरिकन मुलांचा होता; तो कोल्हापुरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु या वयात स्वातंत्र्याची ओढ प्राथमिक वयापेक्षा अधिक असते, कमी नव्हे, हे लक्षात घेता त्यातील दिशा येथेही ग्राह्य मानावयास हरकत नसावी.

स्वायत्तता म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. वेळापत्रक मुलाने करावे, पालकांनी ते वाचावे, त्यात झोप व जेवण आहे की नाही एवढे पाहावे आणि आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी, काय झाले व काय राहिले याची चौकशी करावी. रोज तीच चौकशी केली की मुलगा उत्तर देण्याऐवजी उत्तर चुकवण्याचे कौशल्य मिळवतो. पहिली काही वेळापत्रके फसतील. ती जुलै-ऑगस्टमध्ये फसू द्यावीत. दुरुस्तीस तेव्हा पुरेसा अवधी असतो. फेब्रुवारीत मात्र नवे प्रयोग नकोत.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. ज्या आईवडिलांचे स्वतःचे शिक्षण सातवी-आठवीपर्यंतच झाले आहे, त्यांनी काय करावे? सेमी-इंग्रजी माध्यमामुळे गणित व विज्ञान ही पुस्तके अनेक घरांत आईला वाचताही येत नाहीत, आणि 'आम्हांला त्यातले काही कळत नाही' असे म्हणून ती बाजूला होते. वस्तुतः तिच्या हाती एक अत्यंत प्रभावी साधन आहे. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना स्पष्टपणे मागे टाकले. पुन्हा पुन्हा वाचल्याने 'आले' असे वाटते, येत नाही; आठवण्याचा प्रयत्न केल्यानेच ते पक्के होते. म्हणजे भाकरी थापता थापता 'पुस्तक मीट आणि मला सांग बघू, आज काय वाचलंस' असे म्हणणारी आई महागड्या शिकवणीतील सराव-चाचणीचेच काम करीत असते. उत्तर बरोबर की चूक हे तिला कळावयाची गरज नाही. मुलगा कोठे अडखळला हे मुलालाच कळते. समजलेली गोष्ट आईला समजेल अशा मराठीत सांगता आली, तर ती इंग्रजीत लिहिताना केवळ शब्दांची अडचण उरते, अर्थाची नाही.

खासगी शिकवणीविषयी थोडे. शिकवणी वाईट असे म्हणता येणार नाही. एखाद्या विषयात मागे पडलेल्या मुलाला ती उपयोगी पडते. परंतु शाळा सहा तास, शिकवणी तीन तास आणि येण्याजाण्याचा एक तास असा दिवस झाला की स्वतः वाचण्याचा, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे आठवून पाहण्याचा, वेळच शिल्लक राहत नाही. सर्व विषयांची शिकवणी लावून पालक आपली चिंता कमी करतात. मुलाची कमी होतेच असे नाही.

पहाटेचा गजर

'पहाटे वाचलेले लक्षात राहते' हा आपल्याकडील दृढ समज आहे. लवकर झोपणाऱ्या कृषिजीवनात तो खराही असेल. किशोरवयात मात्र शरीरातील झोपेचे चक्र नैसर्गिकरीत्या पुढे सरकते, हे मेरी कार्स्केडॉन व अन्य संशोधकांच्या कार्यातून सिद्ध झाले आहे. या वयातील मुलाला रात्री लवकर झोप न येणे हा त्याचा हट्ट नसतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी आठ ते दहा तासांची झोप आवश्यक असल्याचे नमूद केले. अकरा वाजता झोपलेल्या मुलाला चार वाजता उठवणाऱ्या घरात रोज तीन तासांची तूट पडते. वाचलेले मेंदूत स्थिर होण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झोपेतच होते. तेव्हा झोप कापून मिळवलेले तास आदल्या दिवशीच्या तासांतून वजा होतात. ज्या मुलाला पहाट मानवते त्याने पहाटे वाचावे, पण मग त्याच्यासाठी घराने साडेआठला दिवे मालवण्याची तयारी ठेवावी. पुष्कळ घरांत हे जमत नाही. पालकांची मालिका दहा वाजता संपते.

परीक्षेचे आठवडे आणि निकालाची दुपार

परीक्षेच्या काळातील आधार हा बहुतांशी व्यावहारिक असतो. प्रवेशपत्रावरील नाव, विषय व माध्यम आधीच तपासून घ्यावे. केंद्र परगावी असल्यास एकदा तेथे जाऊन यावे. पेपर अकरा वाजता असला तरी विद्यार्थ्याला अर्धा तास आधी केंद्रावर हजर राहावे लागते, हे बसच्या वेळेशी ताडून पाहावे. माघापासून जोतिबाचे खेटे सुरू होतात. रविवारी वाडी रत्नागिरीकडील रस्ता व गाड्या गजबजलेल्या असतात, याचा विचार त्या बाजूच्या गावांतील कुटुंबांनी आदल्या दिवशीच्या प्रवासासाठी केलेला बरा. २०२३ पासून प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी देण्याची पद्धत बंद होऊन शेवटी दहा मिनिटे वाढवून देण्यात आली आहेत. तेव्हा सराव करताना तोच हिशेब धरावा.

एक गोष्ट मात्र सर्व घरांनी पाळावयास हवी. पेपर देऊन आलेल्या मुलापुढे प्रश्नपत्रिका घेऊन उत्तरांची पडताळणी करू नये. झालेल्या पेपरातील चूक दुरुस्त होत नाही. पुढील पेपरात तिची छाया पडते, एवढेच. हा मोह शिक्षकी पेशातील पालकांना सर्वाधिक होतो, असे निरीक्षण आहे.

निकाल दुपारी ऑनलाइन लागतो आणि काही मिनिटांत मुलाच्या आधी गुण नातेवाइकांना कळतात. 'किती पडले?' हा प्रश्न कोल्हापुरी माणूस प्रेमानेच विचारतो. परंतु तो विसाव्या वेळी ऐकणाऱ्या मुलाला त्यातील प्रेम ऐकू येत नाही. त्या दुपारी फोन कोणी घ्यावयाचे, काय सांगावयाचे, हे आईवडिलांनी आधी ठरवून ठेवणे हिताचे असते. त्याहून महत्त्वाचे असे की गुण काहीही असले तरी घरातील मुलाचे स्थान बदलणार नाही, हे निकालापूर्वी, साध्या शब्दांत आणि एकदा तरी मोठ्याने बोलले गेले पाहिजे. 'ते त्याला माहीत आहेच' असे पालक म्हणतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यामागील कारणे अनेक असतात आणि केवळ परीक्षेकडे बोट दाखवणे योग्य नव्हे. तथापि जे माहीत आहे असे घराने गृहीत धरले, ते प्रत्येक मुलाला खरोखरच माहीत असते काय, हा प्रश्न या आकड्यामुळे टाळता येत नाही. जेवण तुटणे, झोप उडणे, मित्रांपासून दूर होणे, 'माझा काही उपयोग नाही' अशा प्रकारचे बोलणे, ही लक्षणे दहावीच्या वर्षात 'टेन्शन' या एका शब्दाखाली झाकली जातात. ती दोन-तीन आठवडे टिकली, तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांचा अथवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा; आणि मरणाचा विषय मुलाच्या तोंडून एकदाही निघाला, तर त्याच दिवशी. परीक्षेच्या काळात मंडळ विभागवार समुपदेशक नेमते आणि शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून विनाशुल्क उपलब्ध आहे. ही माहिती घरात सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लिहून ठेवण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

नापास झालेल्या तीन टक्क्यांचेही पालक असतात. एक अथवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो. २०१५ पासून पुरवणी परीक्षा जुलैमध्येच होऊ लागल्याने वर्ष वाचण्याची शक्यता निर्माण झाली. गुणांविषयी शंका असल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा अर्ज आहेच. या साऱ्या वाटा निकालानंतर शोधण्याऐवजी आधीच ठाऊक असल्या, तर निकालाच्या दुपारी घरात रडारडीऐवजी तारखांविषयी बोलता येते. मुलाच्या दृष्टीने या दोहोंतील अंतर फार मोठे असते.

अकरावीच्या दारात

२०२५-२६ पासून अकरावीची प्रवेश प्रक्रिया संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाली असून विद्यार्थ्याला कमाल दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. हा पसंतीक्रम भरण्याचे काम बहुतेक घरांत वडील अथवा सायबर कॅफेचा चालक करतो. ज्या मुलाने वर्षभर दुसऱ्याने लिहिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे अभ्यास केला, त्याला आपल्याला विज्ञान हवे आहे की वाणिज्य, हेही सांगता येत नाही. नव्वद टक्के आहेत म्हणजे विज्ञान, एवढे उत्तर त्याच्यासाठी तयार असते.

ऑक्टोबरच्या सुमारास असे विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयाच्या अध्यापकांसमोर उभे राहतात. पालकही सोबत येतात व 'दहावीला ब्याण्णव टक्के होते हो सर' असे सांगतात. अशा वेळी अध्यापकाने विषयाच्या अडचणीकडे वळण्याआधी विद्यार्थ्याला, पालकांसमोर नव्हे तर स्वतंत्रपणे, दहावीत रोजचा अभ्यास कोण ठरवत होते, असे विचारून पाहावे. 'मीच' असे उत्तर आले, तर अडचण बहुधा भौतिकशास्त्राची किंवा इंग्रजी माध्यमाची असते आणि तिच्यावर वर्गात उपाय करता येतो. 'पप्पा' अथवा 'क्लासचे सर' असे उत्तर आले, तर भौतिकशास्त्राचा धडा काही दिवस थांबवून, येत्या आठवड्याचे वेळापत्रक त्या विद्यार्थ्याकडून त्याच्याच हाताने लिहून घ्यावे लागेल.